घरच्या आजारपणासाठी वेगळी पगारी रजा खरंच हवी का?

तुम्ही विचारलंय की वर्षाला एवढ्या सुट्ट्या असताना आईवडिलांच्या आजारपणासाठी वेगळी पगारी रजा कशाला, आणि छोट्या मालकाने हा भार सोसायचा कसा.

रजा हवीच. मालकाबद्दलची शंका मात्र रास्त आहे, तिच्याकडे येतो.

आम्ही कळव्याला राहतो. दोन वर्षांपूर्वी अप्पा मोरीत घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मी महाप्याला नोकरीला, बायको वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात हिशेब बघायची. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाला ८ नैमित्तिक रजा मिळतात, शिवाय दर २० दिवसांच्या कामामागे एक भरपगारी. माझ्या खात्यावर सगळ्या मिळून ११ उरल्या होत्या. त्यातल्या ९ हॉस्पिटलातच संपल्या. खरं काम घरी आणल्यावर सुरू झालं. भांडं देणं, अंग पुसणं, वॉकर धरून चार पावलं चालवणं, रात्री दोनदा उठणं. ब्युरोतून बारा तासांचा माणूस ठेवायचा तर माझा अर्धा पगार त्यातच जाणार होता.

बारावा दिवस उजाडला आणि बायकोने राजीनामा दिला. आम्ही त्यावर बोललोसुद्धा नाही. तिचा पगार माझ्यापेक्षा कमी, एवढ्यावरच ठरून गेलं. अप्पा तीन महिन्यांत काठी घेऊन चालू लागले. ती अजून घरीच आहे. मुलाखतीला गेली की मधल्या खंडावर बोट ठेवून नवशिक्या मुलीचा पगार सांगतात.

म्हणजे आजारपणाची किंमत कुणीतरी मोजतंच. रजा नसली की घरात ज्याचा पगार कमी त्याच्यावर ती पडते, आणि बहुतेक घरांत ती बाईच असते.

आता मालकाचं. २०१७ साली बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली. फार चांगलं झालं, पण ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत नसलेल्या बाईचा त्या काळातला सगळा पगार एकट्या मालकाने द्यायचा. मग नवं लग्न झालेल्या मुलीला कामावर घेताना लोक कचरतात. तसं पुन्हा व्हायला नको. पैसा सामायिक निधीतून यावा. ईएसआयमध्ये कामगार पगाराच्या ०.७५ टक्के भरतो, मालक ३.२५ टक्के, आणि कामगार आजारी पडला तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. पण तो स्वतः आजारी पडला तरच, आणि महिन्याचा पगार २१,००० च्या आत असेल तरच. जपानमध्ये घरच्या आजारी माणसामागे ९३ दिवसांची रजा आहे, तीन हप्त्यांत घेता येते, आणि ६७ टक्के पगार रोजगार विम्यातून येतो. तसं इथे झालं तर मालकाचा वाचलेला पगार बदली माणसाला देता येईल.

आणि ही रजा पुरुषांनाही हवी. तेव्हा सहा आठवडे मला आणि पुढचे सहा तिला, अर्ध्या पगाराने का होईना, मिळाले असते तर ती आजही वागळे इस्टेटमधल्या त्याच टेबलावर असती.