हॉलंड की बेल्जियम, एका सेमिस्टरसाठी

पोरी,

तुझा मेसेज वाचला. तुझ्या फिशरीजच्या शिक्षणात हॉलंडमधली वाखेनिंगन युनिव्हर्सिटी आणि बेल्जियममधली गेंट युनिव्हर्सिटी, दोन्हीकडे एका सेमिस्टरचं एक्स्चेंज जमतंय, गाईड सर म्हणतात तूच ठरव, पप्पा म्हणतात जिथे थंडी कमी तिथे जा, आणि तू मला विचारतेयस की ताई देश कुठला बरा. आधीच सांगून टाकते, मी गेंटची, माझं मास्टर्स तिथलं, त्यामुळे माझं पारडं जरा तिकडे झुकणार, ते धरूनच पुढचं वाच.

थंडीचं आधी मिटवते. पप्पांना सांग, दोन्हीकडे सारखीच. डिसेंबरात पावणेनऊला उजाडतं आणि साडेचार-पावणेपाचला काळोख, दोन्हीकडे. पाऊस वर्षाला साधारण आठशे मिलिमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरीच्या पावसाच्या पाव हिस्सासुद्धा धड नाही, पण तो बाराही महिने रिपरिपत असतो आणि तेच जास्त कंटाळवाणं. चांगलं वॉटरप्रूफ जाकीट घे, छत्री वाऱ्यात टिकत नाही. दोन्हीकडे युरो, दोन्ही शेंगेनमध्ये, गेंटमध्ये पण डचच बोलतात, आणि गेंटपासून हॉलंडची हद्द इतकी जवळ की लोक शनिवारी सायकलवरून पलीकडे जाऊन येतात. मुंबईवाल्यांना रत्नागिरी काय नि मालवण काय, सगळं एकच ‘कोकण’ वाटतं ना, तसंच आपलं इथून त्या दोन देशांचं होतं. फरक आहे, पण तो देशाच्या पातळीवर शोधत बसलीस तर तुला ट्यूलिप आणि चॉकलेट एवढंच सापडेल. तुझं सिलेक्शन दोन देशांत नाहीच आहे गं, दोन डिपार्टमेंटमध्ये आहे. तेव्हा उलट मीच तुला विचारते, तू इथून कुठला प्रश्न घेऊन जाणार आहेस?

तू मागे सांगितलं होतंस की काकांच्या खाजणातल्या पॉण्डमध्ये व्हेनामी कोळंबीचं बी, म्हणजे बारीक पिल्लं, टाकलं की पहिल्या काही आठवड्यांतच बरंचसं मरून जातं आणि कारण कोणालाच नीट सांगता येत नाही. बी आंध्रातून किंवा तमिळनाडूतून आणलेलं, पिशवीत प्रवास करून आलेलं, हॅचरीवाला म्हणतो तुमचं पाणी वाईट, तुम्ही म्हणता त्याचं बी वाईट. व्हेनामीला आपल्याकडे २००९ मध्ये परवानगी मिळाली तेव्हापासून हे भांडण चालू आहे. हा जर तुझा प्रश्न असेल, म्हणजे अळी, बी, हॅचरी, व्हिब्रिओ जंतू हे सगळं, तर गेंट. इथे मी फार विचार पण करणार नाही.

कारण सांगते. आर्टेमिया म्हणजे खाऱ्या पाण्यातला बारीक जीव, कोळंबीच्या अळीचं जिवंत खाद्य. गेंटचं ते आर्टेमिया सेंटर १९७८ पासून आहे, पात्रिक सोर्गेलोस यांनी उभं केलेलं, आणि जगात कुठल्याही हॅचरीत आर्टेमियाचा डबा उघडला जातो तेव्हा तो कसा उबवायचा याची पद्धत बऱ्याच अंशी तिथे बसवलेली आहे. तू प्रॅक्टिकलला केलं असशील, सुकी अंडी खाऱ्या पाण्यात टाकायची, खालून जोरात हवा, लाईट, अठ्ठावीस डिग्री, आणि दुसऱ्या दिवशी केशरी पिल्लं तयार, ती कोळंबीच्या अळीला घालायची. आपण इथे ते कृती म्हणून शिकतो आणि पेपरात लिहितो, तिथे त्यातल्या प्रत्येक गोष्टीला ‘का’ विचारतात. आणखी एक म्हणजे ते लोक पूर्ण जंतुविरहित आर्टेमिया वाढवतात आणि मग त्यात एकच ठरावीक जंतू सोडून बघतात की नेमकं मारतंय कोण. काकांचं नि हॅचरीवाल्याचं भांडण सोडवायचं तर अशीच पद्धत हाताखालून गेली पाहिजे.

आणि हे जरा विषय सोडून, पण मला राहवत नाही. व्हिएतनाममध्ये मेकाँगच्या मुखाजवळ विन् चाउ म्हणून भाग आहे, तिथल्या मिठागरांत गेंट आणि कान् थो युनिव्हर्सिटीने मिळून ऐंशीच्या दशकापासून आर्टेमिया बसवला. पावसाळा संपला की मिठागरात सोडायचा, कोरड्या दिवसांत अंडी काढायची, पाऊस आला की बंद. हवामान बघ, आपल्यासारखंच मान्सूनचं! शिरोड्याची मिठागरं आपण १९३० च्या सत्याग्रहासाठी आठवतो, पेण-उरणकडची एकेक करून बंद पडतायत, आणि मिठाला भाव किती मिळतो ते तुला माहितीच आहे. मी असं म्हणत नाही की उद्या तिथे आर्टेमिया सोडा, बाहेरची जात आणायची तर परवानगी लागते आणि आपल्याकडची मूळची आर्टेमिया तिच्यापुढे टिकेल का हा प्रश्न आहेच, तो साधा नाही. पण तू गेंटला गेलीस तर हे सगळं ज्यांनी केलं त्यांच्याशी कॉफी पिता पिता बोलता येईल, आणि सेमिनारसाठी विषय शोधत फिरावं लागणार नाही.

आता वाखेनिंगन. त्याला मी कमी लेखत नाही, उलट तुझा प्रश्न जर खाद्याचा असेल तर तिथेच जा. कोळंबीच्या धंद्यात निम्म्याहून जास्त पैसा खाद्यात जातो, फिशमील, म्हणजे माशांची पूड, महाग होत चाललंय, आणि त्याच्या जागी सोया, शेवाळं, किडे काय काय घालता येईल, माशाला ते पचतं का, पाण्यात किती घाण होते, या हिशेबात ती माणसं तरबेज आहेत. तेच पाणी गाळून परत परत वापरायची जी आरएएस सिस्टीम, त्यावर पण तिथे पुष्कळ काम आहे. फक्त एक लक्षात ठेव, गाव समुद्रावर नाही. ऱ्हाईन नदीच्या काठचं छोटंसं शेतकी गाव आहे, स्वतःचं रेल्वे स्टेशनसुद्धा नाही, ईडेला उतरून बस पकडायची. जयगडच्या मुलीला खारा वारा लागत नाही म्हणजे काय ते तिथे गेल्यावर कळेल. गेंट पण तसं आतच आहे म्हणा, पण शहर आहे, कॉलेजची पोरं हजारोंनी, आणि तासाभराच्या ट्रेनवर ऑस्टेंडचा किनारा.

तिसरी एक शक्यता तू मेसेजमध्ये सहज लिहिलीस आणि मला तीच सगळ्यात इंटरेस्टिंग वाटली, की आईच्या बचत गटाला कालवं (ऑयस्टर) पाळायची आहेत. वनखात्याच्या कांदळवन कक्षाच्या योजनेतून सिंधुदुर्गात बायकांचे गट कालवं आणि खेकडे करतायत ते तू बघितलंयस. या विषयाला हॉलंडचा झीलंड प्रांत बघायलाच हवा. यर्सेके म्हणून गाव आहे, शिनाण्यांचा, म्हणजे मसल शिंपल्यांचा, लिलाव तिथे होतो, कालवांच्या जुन्या टाक्या आहेत, आणि वाखेनिंगनच्या मरीन रिसर्चचं एक केंद्र पण तिथेच. गंमत अशी की बेल्जियमचे लोक ज्याला आपलं राष्ट्रीय जेवण म्हणतात, ते शिनाणे आणि बटाट्याचे फ्राईज, त्यातले शिनाणे बहुतेक या डच गावातूनच येतात.

आणि तिथला बांध बघ. १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री वादळात समुद्र आत घुसला आणि हॉलंडमध्ये १८३६ माणसं गेली. त्यानंतर त्यांनी एकेक खाडीचं तोंड बंद करायला घेतलं. पण ऑस्टरस्केल्ड खाडीची पाळी आली तेव्हा कालवं-शिनाणेवाले आणि पर्यावरणवाले दोघं मिळून आडवे आले, की खाडी कायमची बंद केलीत तर भरती-ओहोटी थांबेल आणि सगळं मरेल. मग सरकारने डिझाईन बदललं. सुमारे नऊ किलोमीटरचा बांध, त्याला अजस्र दरवाजे, एरवी उघडे आणि फक्त वादळात बंद. १९८६ मध्ये पुरा झाला. आपल्या खारबंदिस्तीला उघाड्या (पाण्याची दारं) असतात, तिथे खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही म्हणून धडपड. ऑस्टरस्केल्डला मुद्दाम येऊ देतात, कारण पाण्यावर पोट असलेल्यांचं ऐकलं गेलं. खाजणात भात करायचं की कोळंबी यावरून आपल्या गावात जे चालतं ना, त्यातल्या प्रत्येकाला मला तो बांध दाखवून आणावासा वाटतो.

पण म्हणून हॉलंडच घे असं नाही, आणि इथेच शेजारी देश असल्याचा फायदा आहे. तुला एका देशाचं रेसिडेन्स परमिट मिळालं की दुसऱ्या शेंगेन देशात १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. गेंटहून यर्सेके तास-दीड तासाचं अंतर. म्हणजे काम एकीकडे, बघणं दुसरीकडे. फक्त फिरणं वेगळं आणि तिथे जाऊन इंटर्नशिप करणं वेगळं, दुसऱ्या देशात काम करायचं असेल तर आधी दोन्हीकडच्या इंटरनॅशनल ऑफिसला मेल टाकून लेखी उत्तर घे.

कॅलेंडरकडे नीट बघ, मुलं हेच विसरतात. वाखेनिंगनचं वर्ष सहा पिरियडमध्ये कापलेलं असतं, सप्टेंबरच्या सुरुवातीला चालू होतं, एका वेळी बहुतेक दोनच विषय, एक सकाळी एक दुपारी, आणि परीक्षा तिथल्या तिथे. पहिले दोन पिरियड घेतलेस तर ख्रिसमसच्या आत मोकळी. गेंटचं सेमिस्टर सप्टेंबरच्या शेवटी सुरू आणि परीक्षा थेट जानेवारीत, त्यातही एखाद-दुसरी तोंडी, प्रोफेसरसमोर बसून. तुझं इकडचं पुढचं सेमिस्टर कधी सुरू होतंय ते विचारून ठेव, नाहीतर तिकडे तोंडी आणि इकडे अटेंडन्स अशी ओढाताण होईल. गणपती दोन्हीकडे बुडू शकतात, ते मनाशी धर, त्यातल्या त्यात गेंटला जाणाऱ्याला आरती करून विमान पकडता येण्याचा चान्स जास्त.

मार्कांचं तर आत्ताच लेखी करून घे. गेंटला वीसपैकी मार्क, दहाला पास, आणि चौदा म्हणजे चांगले मार्क. हॉलंडमध्ये दहापैकी, सहाला पास, आठ म्हणजे शाबासकी आणि दहा कोणाला मिळालेले मी तरी बघितले नाहीत. हे आकडे जसेच्या तसे आपल्या ओजीपीएत, म्हणजे एकूण ग्रेडच्या सरासरीत, टाकले तर चौदाचे सत्तर टक्के होतात आणि टॉपर पोरगी खाली येते. म्हणून जायच्या आधी लर्निंग अ‍ॅग्रीमेंटवर तीन सह्या पाहिजेत, तुझी, तिकडची आणि आपल्या डीन ऑफिसची, आणि कुठला कोर्स इकडच्या कुठल्या कोर्सच्या बदली धरला जाईल आणि ग्रेड कशी बदलली जाईल हे त्यात किंवा सोबतच्या पत्रात स्पष्ट हवं. ‘आल्यावर बघू’ असं कोणी गोड बोललं तर गोड हसून सही घेऊनच ये.

व्हिसाच्या कटकटीत हॉलंड सोपं, हे मान्य करायलाच हवं. तिकडे युनिव्हर्सिटीच तुझ्यासाठी अर्ज करते, मंजूर झाला की तू मुंबईला जाऊन पासपोर्टवर शिक्का घ्यायचा. बेल्जियमला डी व्हिसाचा, म्हणजे लांब मुक्कामाच्या व्हिसाचा, सगळा गठ्ठा तुझा तूच उभा करायचा, पोलीस क्लिअरन्स, मेडिकल, कागदांवर अपोस्टीलचा सरकारी शिक्का, पैशांचे पुरावे. पोचल्यावर महापालिकेत नोंदणी, मग तू खरंच त्या पत्त्यावर राहतेस का ते बघायला पोलीस दारात येतो, तेव्हा घाबरू नको, बेलवर नाव लावून ठेव म्हणजे झालं.

आणि ही सगळी धावपळ नेमकी पावसाळ्यात येते. कोकण रेल्वेचं पावसाळी टाइमटेबल, वर कुठेतरी दरड, तेव्हा मुंबईची अपॉइंटमेंट असेल तर आदल्या दिवशीच दादरला मावशीकडे जाऊन झोप. पप्पांची बँकेची कामं १ जून ते ३१ जुलैमध्ये उरकून टाक, मासेमारी बंद असते, ते घरी असतात, एकदा ऑगस्टला बोट निघाली की सहीला पण सापडायचे नाहीत. मासळीच्या लिलावाचा पैसा रोखीत फिरतो आपल्याकडे, तो आत्तापासून खात्यातून फिरव. व्हिसाच्या तोंडावर एकरकमी भरणा दिसला की कुठलाही ऑफिसर भुवया उंचावतो. रिटर्न्स भरलेले आहेत ना तेही विचार.

पार्टटाइम कामावर खर्चाचं गणित बांधू नको. नियमाने हॉलंडमध्ये आठवड्याला १६ तास, ते पण मालकाने तुझ्यासाठी परमिट काढलं तर, आणि काम धरलं की तिकडचा हेल्थ इन्शुरन्स सक्तीचा, तो पगारातला चांगलाच लचका तोडतो. बेल्जियममध्ये सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास. चार-पाच महिन्यांसाठी कोणी कामावर ठेवेल याची खात्री नाही, आणि तू भांडी घासायला जात नाहीयेस. एक्स्चेंजमध्ये फी सहसा इकडचीच भरायची असते, त्यामुळे खरा खर्च खोलीचा. खोली दोन्हीकडे अवघड, हॉलंडमध्ये जास्तच. सिलेक्शन लेटर हातात आलं त्याच संध्याकाळी हॉस्टेलचा फॉर्म भर, आणि खोली न बघता फेसबुकवरच्या कुणाला डिपॉझिट पाठवलंस तर माझ्याकडे रडत येऊ नको.

माझं मत विचारशील तर गेंट, बी-हॅचरीवर काम करायचं नक्की असेल तर. कालवांचं खरंच मनात असेल तर मात्र थांब, कारण मग वाखेनिंगनला जाऊन गावात बसण्यात अर्थ नाही, यर्सेकेच्या केंद्रावर तुला प्रोजेक्ट मिळतोय का ते आधी विचारावं लागेल, आणि तो मिळत असेल तर माझं गेंटप्रेम बाजूला ठेवून मी तुला हॉलंडलाच पाठवीन. आईशी बोल, हे मी गंमतीने म्हणत नाहीये, गट खरंच उभा राहतोय की नुसती चर्चा आहे ते तिलाच माहीत.

दोन्हीकडच्या वेबसाईटवरून कोर्सचा कॅटलॉग काढ, हवे ते विषय कोडसकट लिहून येत्या रविवारपर्यंत मला पाठव, मी तिकडच्या ओळखीच्या लोकांना विचारते की कुठल्या कोर्सला लॅबमध्ये खरं हात घालू देतात. आणि पासपोर्टची एक्स्पायरी बघ. परत यायच्या तारखेनंतर वर्षभर तरी उरत नसेल तर रिन्यूचा फॉर्म उद्याच टाक.

तुझी,
ताई