व्होल्वो २६ लाखांची, विमा १९ लाखांचा

प्रश्न (संक्षेपाने): मी ४१ वर्षांचा असून इंदूरला सुदामा नगरात राहतो आणि पीथमपूरला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो. हातात १ लाख ३५ हजार पगार येतो. पत्नीला शाळेत २८ हजार मिळतात. बारा व सात वर्षांची दोन मुले आणि ७१ वर्षांची आई आमच्यासोबत आहेत. घरकर्ज ३१ लाख बाकी असून हप्ता ३२ हजार आहे. गेल्या मे महिन्यात बिजासन घाटात आत्येभावाच्या छोट्या गाडीला ट्रकने मागून धडक दिली. सगळे वाचले, पण वहिनी अजून काठी घेऊन चालते. तेव्हापासून माझ्या मनाने व्होल्वोच घेतली आहे. २०१९ची एक्ससी६० २६ लाखांत मिळते आहे. म्युच्युअल फंडातले १० लाख मोडून उरलेल्या १६ लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी घ्यावे, की फंड तसाच ठेवून पूर्ण रकमेचे कर्ज घ्यावे? विम्याची सोय झालेली आहे, तीन पॉलिसी आहेत. सध्याची गाडी २०१४ची, एअरबॅग नसलेली आहे. ती वर्षाला सहा-सात हजार किलोमीटर चालते. कारखान्यात मी रोज मोटारसायकलने जातो.

उत्तर: आपल्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते: फंडही मोडू नये आणि कर्जही घेऊ नये, कारण ही गाडी आपल्याला परवडत नाही. मात्र पत्रासोबत आपण तिन्ही पॉलिसींच्या पहिल्या पानांच्या प्रती पाठवल्या आहेत, आणि त्या पाहिल्यावर गाडीपेक्षा त्यांच्याबद्दल अधिक लिहिणे मला भाग आहे.

आधी गाडीविषयी. व्होल्वोबद्दलचा आपला आदर चुकीचा नाही. अस्सार गॅब्रिएल्सन आणि गुस्ताफ लार्सन यांनी स्वीडनमधल्या गोथेनबर्ग येथे १९२७ मध्ये पहिली गाडी बाहेर काढली, तेव्हापासून सुरक्षितता हा या कंपनीच्या कामाचा कणा राहिला आहे. १९७८ मध्ये मुलांसाठी बूस्टरची उशी, १९९४ मध्ये बाजूची एअरबॅग, १९९८ मध्ये मानेला झटक्यापासून वाचवणारी सीट आणि खिडकीवर उघडणारा हवेचा पडदा, २००८ मध्ये पुढच्या गाडीवर आदळण्याआधी आपोआप लागणारा ब्रेक, ही यादी कोणत्याही जाहिरातीहून मोठी आहे. मालकी बदलली तरी ही परंपरा टिकली: १९९९ मध्ये मोटारींचा व्यवसाय फोर्डने घेतला आणि २०१० मध्ये तो चीनच्या जीलीकडे गेला. (आपल्याकडे पुण्याला जाणारी वातानुकूलित बस म्हणजे ‘व्होल्वो’; तो बस-ट्रकचा व्यवसाय मात्र तेव्हाच वेगळा राहिला आणि आज ती निराळी कंपनी आहे.) आपण निवडलेल्या पिढीच्या एक्ससी६०ने गाड्या धडकवून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेच्या २०१७ च्या चाचण्यांत प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणात ९८ टक्के गुण मिळवले होते. गाडी उत्तम आहे, यात वाद नाही.

पण या कंपनीच्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट विकत घ्यायला २६ लाख लागत नाहीत. निल्स बोलिन हे अभियंते विमानांतल्या, वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांचे काम सोडून व्होल्वोत आले आणि १९५९ मध्ये त्यांनी खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन टोकांचा सीटबेल्ट तयार केला. कंपनीने त्याचे पेटंट इतर उत्पादकांसाठी खुले ठेवले. म्हणूनच तो आज आपल्या २०१४च्या गाडीतही आहे. पुढे १९६७ मध्ये बोलिन यांनी स्वीडनमधल्या २८,००० अपघातांचा अभ्यास मांडला. बेल्ट न लावलेली माणसे अगदी कमी वेगाच्या धडकेतही दगावली होती, आणि बेल्ट लावलेल्यांपैकी ताशी सुमारे ९६ किलोमीटरच्या खालच्या धडकेत कोणीही दगावले नव्हते. हाच बेल्ट नसला तर महागडी गाडीही पुरत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला, तेव्हा मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते असे पोलिसांनी सांगितले. ते दोघे गेले आणि पुढचे दोघे वाचले.

आपण पत्रात ओघाने लिहिले आहे की पुण्याला जाताना धाकटा आजीच्या मांडीवर झोपतो आणि मागचे बेल्ट सीट कव्हरच्या खाली गेले आहेत. माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातली सर्वांत धोकादायक ओळ ती आहे. धडकेच्या क्षणी सात वर्षांचे मूल कोणत्याही आजीच्या हातात राहत नाही. एक्ससी६०मध्येही तो मांडीवरच झोपला, तर २६ लाखांनी त्याच्यासाठी फारसे काही विकत घेतलेले नसेल.

आता हिशेब. १६ लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता ३५ हजारांच्या आसपास येतो, म्हणजे व्याजच पाच लाख. पाच वर्षांचा वाहनविमा, सर्व्हिसिंग, टायर आणि ब्रेक मिळून आठ-नऊ लाख धरा. येथे सगळ्यांची एक चूक होते: गाडीची किंमत २६ लाखांवर आली तरी तिचे सुटे भाग मूळ पंचावन्न-साठ लाखांच्या गाडीचेच असतात. पुढची काच फुटली तर नव्या काचेवर कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, आणि झिजेची वजावट न करणारा विमा बऱ्याच कंपन्या एवढ्या जुन्या गाडीला देत नाहीत. एकूण चाळीस लाख गेले आणि पाच वर्षांनी विकून दहा लाख आले, तर निव्वळ खर्च तीस लाख. वर्षाला सहा हजार किलोमीटर धरल्यास पेट्रोल-डिझेल सोडून किलोमीटरमागे शंभर रुपये. घरखर्च, शाळेची फी, घराचा हप्ता, पॉलिसी आणि फंडात दरमहा भरायची १२ हजारांची एसआयपी वजा जाता आपल्याकडे महिन्याला चाळीस हजार उरतात. त्यातले पस्तीस हजार केवळ हप्त्यात जातील, आणि गाडीचा बाकीचा खर्च भागवायला एसआयपी बंद करावी लागेल. शिवाय मोडलेले दहा लाख दहा टक्क्यांनी वाढले असते तर सहा वर्षांत, म्हणजे मोठ्या मुलीच्या महाविद्यालयाच्या वेळी, सतरा-अठरा लाख झाले असते.

तीन महिने आपण व्होल्वो मालकांचे अनुभव वाचलेत, त्यात एका मालकाची गोष्ट नक्की आली असेल. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर राहणारे आणि शाळेत विज्ञान शिकवणारे अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ मध्ये घेतलेली पी१८०० ही एकच गाडी बत्तीस लाख मैलांवर, म्हणजे पन्नास लाख किलोमीटरांहून अधिक चालवली. त्यांनी ती नवी घेतली होती आणि पहिल्या दिवसापासून तेलबदल व देखभाल वेळच्या वेळी केली होती. जुनी गाडी घेणाऱ्याच्या हाती असा इतिहास येत नाही. आधीच्या मालकाने काय केले, अपघातानंतर एअरबॅग खरोखर बदलल्या की नाही, हे त्याला शोधून काढावे लागते.

आता ज्याविषयी आपण विचारलेच नाही, त्याकडे येतो. आपल्या घरावरचा मोठा धोका पुण्याच्या रस्त्यावर नाही, राऊहून पीथमपूरला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. वर्षातून सहा हजार किलोमीटरच्या प्रवासासाठी आपण व्होल्वो घेऊ पाहता, आणि रोज येऊन-जाऊन पन्नास किलोमीटर, म्हणजे वर्षाला चौदा-पंधरा हजार किलोमीटर, ट्रकांच्या मधून मोटारसायकलवर जाता. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर सुमारे १ लाख ६८ हजार माणसे गेली, त्यांत जवळजवळ ४४ टक्के दुचाकीवरची होती. त्या रस्त्यावर व्होल्वो आपल्यासोबत नसते. कंपनीची बस असेल तर ती घ्यावी, एवढे मी सल्लागार म्हणून नव्हे, वडीलकीच्या नात्याने सांगतो.

आणि त्या रस्त्यावर काही झाले, तर घराला काय मिळेल? २०१२ची एन्डोमेंट, म्हणजे बचत आणि विमा एकत्र असलेली, पॉलिसी: वर्षाचा हप्ता ३२ हजार, विमा रक्कम सहा लाख. २०१९चा युलिप, म्हणजे बाजारात पैसे गुंतवणारा विमा: हप्ता ३० हजार, विमा रक्कम तीन लाख. २०२३ची ‘खात्रीच्या उत्पन्नाची’ योजना: हप्ता एक लाख, विमा रक्कम दहा लाख. वर्षाला १ लाख ६२ हजार भरून विमा एकोणीस लाख! घरकर्ज एकतीस लाख. म्हणजे विम्याचे सगळे पैसे बँकेला दिल्यावरही आपल्या पत्नीवर बारा लाखांचे देणे राहील आणि तिच्या हातात २८ हजार पगार, दोन मुले आणि सासूबाई असतील. वाहनविम्यातले मालक-चालकाचे पंधरा लाख मिळाले, तरी त्यांतून देणे फिटून तीनच लाख हाती राहतात, आणि तेही मृत्यू आजाराने झाला तर मिळणार नाहीत. याला विम्याची सोय झाली असे म्हणता येत नाही.

तिसऱ्या पॉलिसीबद्दल मला राग आवरत नाही. घरकर्ज मंजूर करताना ‘ही घेतली तर काम लवकर होईल’ असे सांगून ती आपल्या गळ्यात मारली गेली, असे आपणच लिहिले आहे. कर्जासाठी अशी पॉलिसी घेणे बंधनकारक नव्हते. दहा वर्षे एकेक लाख भरायचे आणि मग पंधरा वर्षे १ लाख ३० हजार मिळायचे, म्हणून ‘पैसे दुप्पट’ असे आपल्याला सांगितले गेले. ते दुप्पट व्हायला शेवटच्या रकमेपर्यंत सव्वीस वर्षे लागतात. परतावा वर्षाला पावणेपाच टक्के पडतो. त्याच बँकेला घरकर्जावर आपण साडेआठ टक्के देता. साडेआठने उसने घेऊन पावणेपाचने ठेवायला लावणाऱ्याने आपल्या घराचा हिशेब एकदाही मांडलेला नव्हता.

काय करावे, ते क्रमाने. सर्वप्रथम वयाच्या साठ वर्षांपर्यंतचा दीड कोटीचा शुद्ध मुदतविमा, म्हणजे बचत नसलेला, मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा विमा, घ्यावा. एकतीस लाख कर्ज, मुलांच्या शिक्षणाचे पंचवीस-तीस लाख आणि घरखर्चातली तूट भरून काढायला एक कोटी, यांतून आपला एकोणीस लाखांचा विमा व फंडातले दहा लाख वजा केले, तरी आकडा सव्वा कोटीच्या वर राहतो; आणि पुढे सांगितल्याप्रमाणे त्या विम्याचा व फंडाचा काही भाग कमी व्हायचा आहे, म्हणून दीड कोटी धरावेत. तंबाखू-सिगारेट नसेल तर वर्षाला तीस ते पस्तीस हजार लागतील. असेल तर अर्जात खरे लिहावे, कारण लपवलेले दाव्याच्या वेळी बायकोला भोवते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. पॉलिसी विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४च्या कायद्याखाली काढावी, म्हणजे ती रक्कम पत्नी आणि मुलांचीच राहते. त्यासोबत पन्नास लाखांचा, कायमच्या अपंगत्वाची भरपाई देणारा अपघातविमा घ्यावा. वहिनींचे उदाहरण आपल्यासमोर आहे: माणूस वाचतो आणि उत्पन्न थांबते, हा प्रसंग मुदतविम्यात बसत नाही. कारखान्याचा तीन लाखांचा आरोग्यविमा नोकरीसोबत संपतो, म्हणून दहा लाखांचा कौटुंबिक विमा वेगळा हवा. आई सत्तरीच्या पुढे असल्यामुळे आयुष्मान योजनेत उत्पन्नाची अट न लागता त्यांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते. ते कार्ड लगेच काढून घ्यावे. अपघातविम्याचे आठ-दहा हजार आणि आरोग्यविम्याचे सत्तावीस हजार धरून सगळे मिळून वर्षाला सत्तर हजार.

नवा मुदतविमा हातात आल्यावर, त्याआधी नाही, युलिपची रक्कम काढून घ्यावी, कारण पैसे न काढता येण्याची त्याची पाच वर्षे झाली आहेत. तिसरी पॉलिसी पेड-अप केली, म्हणजे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवली, तर काय मिळते आणि आज मोडली तर काय, हे दोन आकडे कंपनीकडून लेखी मागावेत. एन्डोमेंट २०३२ मध्ये संपते, ती चालू द्यावी. हप्त्यांचे वर्षाला १ लाख ३० हजार मोकळे होतील; त्यांत वरचे सत्तर हजार भागून साठ हजार उरतील.

गाडी मात्र बदलावीच, कारण एअरबॅग नसलेल्या गाडीत तीन पिढ्यांनी घाट उतरू नये. आज एनकॅप चाचणीत पाच तारे मिळवलेल्या, सहा एअरबॅगच्या नव्या गाड्या रस्त्यावर येईपर्यंत तेरा लाखांत मिळतात; तारे कोणत्या वर्षी आणि नेमक्या कोणत्या मॉडेलला मिळाले ते पाहून घ्यावे. जुन्या गाडीचे दीड लाख, फंडातून साडेचार लाख आणि सात लाखांचे कर्ज: नव्या गाडीवर नऊ टक्क्यांनी हप्ता साडेचौदा हजार. एवढा आपल्या घराला पेलतो आणि एसआयपीही चालू राहते.

नाताळच्या सुट्टीत पुण्याला जायचे आहे, असे आपण लिहिले आहे. नवी गाडी तोपर्यंत येणार नाही. या रविवारी मागच्या सीटचे कव्हर उचकटून बेल्टांची बकले वर काढावीत, आईंना बेल्ट लावून बसायची सवय दोन-चार वेळा घरापासून राजवाड्यापर्यंत करून द्यावी, आणि दोन-चार हजारांची बूस्टर सीट आणून धाकट्याला तिच्यावर बसवावे. तिसऱ्या पॉलिसीचे दोन आकडे आले की मला कळवावेत.