मासे आणण्याआधी टाकी तयार करताना: अमोनिया कुठून आणायचा?

मासे न घालता टाकी सायकल करायचं, म्हणजे अमोनिया घालून तो पचवणारे जीवाणू आधीच टाकीत वाढवायचं ठरवलंत, फार बरं केलंत. मी सुरुवातीला घाई केली आणि आठवड्यात चार मासे गमावले, ते अजून लागतं मनाला.

माझं मत स्पष्ट आहे: अमोनियम क्लोराइड घ्या. म्हणजे आपला नवसागर, कल्हईवाले वापरतात तोच. फक्त कल्हईचा नको, त्यात काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. प्रयोगशाळेच्या रसायनांच्या दुकानातून शुद्ध प्रतीचा आणा. १० ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून बाटलीवर नाव लिहा आणि मुलांपासून लांब ठेवा. १०० लिटरच्या टाकीला यातलं ६० मिली घातलं की अमोनिया साधारण २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) होतो. सुरुवातीला तेवढं पुरे.

माशांचं खाद्य कुजवूनही जमतं, पण किती अमोनिया सुटला ते कळत नाही, वर घाण वास. फरशी पुसायचा अमोनिया असेल तर बाटली हलवून बघा. फेस टिकला तर त्यात साबण आहे, वापरू नका.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:
- लवकर व्हावं म्हणून जास्त डोस. ५ पीपीएमच्या वर जीवाणूंची वाढ उलट मंदावते.
- नळाचं पाणी क्लोरीन न काढता भरणं.
- टेस्ट किट (पाणी तपासायचा संच) न घेणं. आधी किट, मग बाकी सगळं.

चार ते सहा आठवडे धरा. मधे नायट्राइट (जीवाणू अमोनियापासून बनवतात ते) खूप चढेल, घाबरू नका. २ पीपीएम घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की बरंचसं पाणी बदला आणि मासे आणा.