तुझी मॉरिशसची बाई सारखी रडते

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

कादंबरीचं पहिलं प्रकरण वाचलं. तुझी रत्नागिरीची बाई मुंबई बंदरात रडते, जहाजावर रडते, मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात उतरल्यावर पुन्हा रडते. रडली असेलच गं. पण तीन वेळा रडूनही ती मला दिसली नाही.

आधी किरकोळ दुरुस्त्या. 2 नोव्हेंबर 1834 ला पोचलेल्या ‘ॲटलास’वर तिला चढवलंस, ते काढून टाक, ते जहाज कलकत्त्याहून गेलं होतं. पुढे काही वर्षं हिंदुस्थानातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करारी मजूर पाठवणं बंद होतं. 1842 च्या कायद्याने ते पुन्हा सुरू झालं, तेव्हा कलकत्ता, मद्रासबरोबर मुंबई बंदरही खुलं झालं. तिला 1850 नंतर ने. मग आज आपण ज्याला आप्रवासी घाट म्हणतो, त्या मजूर उतरवण्याच्या डेपोत उतरवता येईल. तिथे तिला एक नंबर मिळेल आणि जन्मभर सरकारदरबारी तीच तिची ओळख. फोटो काढणं 1860 च्या दशकातलं, तेव्हा उतरताना कॅमेरा नको.

आता मुख्य गोष्ट. करारावर अंगठा बहुधा नवऱ्याचा असे. पुष्कळ बायका कोणाची तरी बायको म्हणून, कराराशिवायच गेल्या. आता हिशेब मांड. उसाच्या मळ्यावर गड्याचा पगार महिन्याला पाचेक रुपये आणि वर रेशन. एक दिवस गैरहजर राहिला की दोन दिवसांचा पगार कापायचा. याला ‘डबल कट’ म्हणत. चार दिवस कामावर गेला नाही तर आठ दिवसांचे पैसे गेले. मग चूल कशावर पेटत होती? मळ्यावरच्या मजुरांच्या कॅम्पातल्या झोपडीमागे भाजी असेल, पुढे-मागे एखादी गाय, दुधाचा रतीब. करारात नसलेल्या बाईच्या हाताला हे काम होतं. डबल कटबद्दल सगळे लिहितात, गाईबद्दल फार थोडे.

याहून मजेदार गोष्ट लग्नाची. भटजीने लावलेलं लग्न तिथल्या सरकारी नोंदीत चढलं नाही, तर ते कायद्याच्या लेखी लग्नच नव्हतं. मुलांच्या वारशाला त्याने घोळ घातला, हे खरंच. पण बेट इंग्रजांचं असलं तरी दिवाणी कायदा फ्रेंच होता आणि त्या कायद्यात लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय व्यवहार करता येत नसे. आपल्या बाईचं लग्न कागदावर नव्हतंच, तेव्हा तिला अडवणार कोण? 1870-80 नंतर मळेवाले जमिनीचे तुकडे पाडून विकायला लागले, तेव्हा ते घेणाऱ्यांमध्ये हिंदुस्थानी बायकाही होत्या. नोटरीच्या फ्रेंच दस्तात त्यांची नावं सापडतात. कायद्याने तिला बायको मानलं नाही, म्हणून ती नवऱ्याला न विचारता जमिनीची मालकीण होऊ शकली. कादंबरीकाराला याहून काय हवं?

एक सावधगिरी. यावरून तिला रणरागिणी करू नकोस. कॅम्पात बायका कमी, पुरुष फार. त्यातून मारझोड, खूनसुद्धा झाले. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या वाट्याला आल्या असतील.

गणपती, जाखडी, झांजा यांवर सहा पानं लिहिलीस. आपल्या माणसांनी तिकडे ते टिकवलं याचा मलाही अभिमान आहे, पण एक पान पुरे.

कागद शोधायचे तर मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आगमनाच्या नोंदवह्या आहेत. मुंबई सरकारचे जुने दप्तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात बघ. नावाच्या स्पेलिंगवर विसंबू नकोस. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं आहे. जहाज, वर्ष, जिल्हा, बापाचं नाव, असं जुळवत जा.

दुसरा खर्डा पाठवशील त्यात मला एवढंच सांग: पहिली गाय तिने कोणाकडून घेतली, आणि पैसे कोणाचे होते?

तुझ्या,
बाई