आमच्या कंपनीत ६० जण आहेत, पण बायका फक्त ९. तरी पाळणाघर द्यावंच लागतं का?

हो, द्यावंच लागतं. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली आलेलं कलम ११अ ५० कर्मचारी मोजायचं, ५० महिला नव्हे. बहुतेक एचआर इथेच चुकतात. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही (कलम ६७) आकडा ५० कर्मचाऱ्यांचाच आहे.

स्वतःची खोली बांधायलाच हवी असं नाही. शेजारच्या दोन-तीन कंपन्यांनी मिळून चालवलेलं पाळणाघरही चालतं. पण अंतर नीट बघा. केंद्राच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचना कामाच्या जागी किंवा ५०० मीटरच्या आत म्हणतात, आणि त्यामागचं कारण अगदी साधं आहे: आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभा आहे, जेवणाची सुट्टी त्यातच धरून. पाळणाघर तीन किलोमीटरवर असेल तर अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईला या चार फेऱ्या जमणारच नाहीत, हक्क कागदावरच राहील.

जागा मुलामागे किमान १० ते १२ चौरस फूट, शक्यतो तळमजल्यावर. वेळ ऑफिसइतकीच ठेवा. पाचला कुलूप लागलं आणि शिफ्ट साडेसहाला सुटली, तर उपयोग काय?

आणि नेमणुकीच्या वेळीच प्रत्येक महिलेला या सोयींची माहिती लेखी आणि ईमेलने द्या. तेही कायद्यातच आहे.