'आढळ' खोडायची गरज नाही, पण 'नोंद' म्हणजे 'आढळ' नव्हे

प्रश्न ऐरोलीच्या एका विद्यार्थिनीचा आहे. एका मराठी निसर्ग-नियतकालिकाला पाठवण्यासाठी ती खाडीतल्या छोट्या रोहित पक्ष्यांवर, म्हणजे लेसर फ्लेमिंगोवर, टिपण तयार करते आहे. तिने शीर्षक दिलं होतं, 'ठाणे खाडीतील छोट्या रोहितचा आढळ'. सरांनी 'आढळ' खोडून 'अस्तित्व' केलं. आढळणे हे क्रियापद, त्याचं असं नाम होत नाही, असं त्यांचं म्हणणं. तिला विचारायचंय की शब्द खरंच चुकीचा आहे का, आणि 'आढळ', 'नोंद', 'निरीक्षण' यांतलं काहीही कुठेही चालतं का.

शब्द बरोबर आहे. ओळखणे-ओळख, पकडणे-पकड, वाढणे-वाढ, तसंच आढळणे-आढळ. पुल्लिंगी चालवायचा: 'या पक्ष्याचा आढळ'. निसर्गावरच्या मराठी लेखनात तो चांगला रुळलाय. 'अस्तित्व' मात्र इथे शोभत नाही. अस्तित्व देवाचं असतं, भुताचं असतं, नाहीतर धोक्यात आलेलं असतं. रोहित आहे की नाही हा वादच नाही. तो कुठे आणि कोणत्या महिन्यांत सापडतो ते सांगायचंय. टंकताना तेवढा काना विसरू नका. अढळ तो ध्रुव. रोहित हिवाळ्यात येतात आणि पावसाच्या तोंडावर चालू लागतात.

आता खरी गोम. हे तीन शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. आढळ म्हणजे पक्षी कोणत्या प्रदेशात, कोणत्या ऋतूत सापडतो याचं एकूण चित्र. ते बऱ्याच नोंदींवरून काढलेलं असतं. नोंद म्हणजे एकच प्रसंग: जागा, तारीख, पाहणारा आणि पुरावा. निरीक्षण म्हणजे पक्षी काय करत होता, कसा दिसत होता. तुम्ही एका सकाळी थवा पाहिलात तर ती नोंद झाली, आढळ नव्हे. एकाच दिवसावर टिपण बेतलेलं असेल तर शीर्षकात 'नोंद'च हवी.

शाळेच्या निबंधात एक शब्द दोनदा आला की बाई लाल रेघ मारायच्या. ती सवय इथे नडते. पहिल्या परिच्छेदात 'आढळला', दुसऱ्यात 'दृष्टीस पडला', तिसऱ्यात 'वास्तव्य दिसून आले' असं लिहिलंत की संपादक विचारणारच, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत का? 'वास्तव्य'ने तर पक्षी बारमाही इथलाच ठरतो. 'खाडीत अधिवास करतात' हेही नको. अधिवास ही जागा आहे, क्रिया नव्हे: चिखलपट्टी, खारफुटी, मिठागर. पक्षी तिथे चरतो, विसावतो.

तुमचं वाक्य आहे, 'ऐरोलीजवळ खाडीत भरपूर फ्लेमिंगो दिसून आले.' मी ते असं करीन: 'ऐरोली पुलाच्या दक्षिणेस, ओहोटीच्या वेळी, चिखलपट्टीवर छोट्या रोहितचा थवा चरताना दिसला, चोच गडद, काळपट तांबडी.' पुढे तारीख, वेळ, मोजलेली संख्या, छायाचित्र. चोचीचा तपशील गाळू नका. मोठ्या रोहितची चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी असते, त्यामुळे ओळख पटते ती तिथेच. पहिल्या उल्लेखात शास्त्रीय नावही द्या, कारण मराठीत याच पक्ष्याला कोणी रोहित म्हणतं, कोणी अग्निपंखी. मराठी मजकुरातही ते रोमन लिपीतच असू द्या. तिरक्या ठशात, पहिला शब्द प्रजातीचा (जीनस), त्याचं पहिलं अक्षर मोठं; दुसरा जातीचा (स्पीशीज), त्याचं लहान. देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत.

जागेबद्दल थोडं जास्त. नुसतं 'ठाणे खाडी' पुरत नाही. खाडी साधारण 26 किलोमीटर लांब आहे. 2015 साली जाहीर झालेलं फ्लेमिंगो अभयारण्य हा तिचा एक भाग, तेव्हा नोंद हद्दीच्या आतली की बाहेरची हे लिहा. आणि जुन्या नोंदींचा आढावा घेताना 'ठाणे जिल्हा' दिसला की थांबा. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा झाला. त्याआधीची 'ठाणे जिल्ह्यातील' नोंद डहाणूची असू शकते, जव्हारची असू शकते. मूळ गावाचं नाव शोधा, आजचा जिल्हा पुढे लिहा. 'ठाणे जिल्ह्यातील पहिली नोंद' असा दावा करायचा असेल, तर ही छाननी आधी.

आणि संपादकांना पत्र लिहाल तेव्हा 'टिप्पणी पाठवत आहे' असं नको. टिप्पणी ते करतील. तुम्ही पाठवताय ते टिपण.