पाळी थांबणं म्हणजे फिटनेस नव्हे

अगं, तुझा मेसेज दोनदा वाचला. चार महिने पाळी नाही, नडगी दुखतेय, आणि वर तू लिहितेस की ट्रेनिंग जोरात असलं की सगळ्यांचीच जाते. नाही गं, सगळ्यांची जात नाही, आणि जिची जाते तिचंही ते नॉर्मल नसतं. पहाटे येऊरचा चढ, मग ऑफिस, संध्याकाळी दादोजी कोंडदेव स्टेडियमवर इंटरव्हल्स (जोरात-हळू आलटून पालटून पळणं), आणि दिवसभरात पोटात काय तर दोन चपात्या, सॅलड आणि ब्लॅक कॉफी!

एकदा हिशोब करूनच बघ. वजन ५० किलो धर, त्यातली चरबी वजा केली की साधारण ४० उरतात. अगदी १५०० कॅलरी खाल्ल्या असं धरलं तरी ६०० पळण्यात गेल्या, राहिल्या ९००, भागिले ४०, म्हणजे किलोमागे साडेबावीस. हा आकडा ४५ च्या आसपास असला की शरीराचं नीट भागतं, बरेच दिवस ३० च्या खाली राहिला की गडबड सुरू होते, प्रत्येकीचं थोडं इकडेतिकडे असतं पण तू फारच खाली आहेस. मग मेंदू बीजकोषांना सिग्नल देणं कमी करतो, इस्ट्रोजेन घसरतं, पाळी जाते, हाडं विरळ होतात. आणि वजन तर कमी होत नाहीये असं म्हणू नकोस, शरीर आपला खर्चच कमी करतं म्हणून काटा हलत नाही.

मला जास्त काळजी हाडांची आहे. जी काही भर पडायची ती तिशीच्या आत पडते, आत्ता गमावलेलं सगळं परत मिळेलच असं नाही. नडगीचा एक्सरे क्लिअर आला तरी पळू नकोस, सुरुवातीचा स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर, त्यात बरेचदा दिसतच नाही, एमआरआय लागतो.

डॉक्टरांना रेड-एस (RED-S) हा शब्द सांग, म्हणजे व्यायामाच्या मानाने खाणं कमी पडून शरीराचं बिघडणं. २०१४ ला ऑलिंपिक कमिटीने हे नाव आणलं, त्याआधी खाणं, पाळी आणि हाडं एवढंच त्रिकूट बघायचे, आता हृदय, पचन, मूड, प्रतिकारशक्ती सगळं त्यात धरतात. प्रेग्नन्सी टेस्ट आधी कर, मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), व्हिटॅमिन डी, आणि हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनबद्दलही विचार. पाळीसाठी गर्भनिरोधक गोळ्या दिल्या तर हे सगळं नीट बोलून घे, कारण त्यांनी येणारा रक्तस्राव म्हणजे तुझी पाळी परत आली असं नव्हे, मूळ दुखणं तसंच राहतं आणि आपल्याला वाटतं झालं बरं.

खायचं म्हणशील तर पळायच्या आधी केळं किंवा खजूर, आल्यावर लगेच अंडी-पोहे नाहीतर थालीपीठ-दही, डब्यात भात हवाच, ट्रेनमध्ये खायला शेंगदाण्याचा लाडू. भात वाईट असं तुला कोणी सांगितलं कोण जाणे. आणि कोणी तुला बारीक झालीस म्हणून शाबासकी देत असेल तर त्याचं बिलकुल ऐकू नकोस, अगदी तुझा कोच असला तरी.

वर्षा मॅरेथॉनचा फॉर्म आत्ता भरू नकोस. रिपोर्ट आले की मला पाठव, मग बसून ठरवू.

तुझी ताई